निमगाव करणे

निमगाव केतकी हे गाव बहुतेकांना विड्याच्या पानांमुळे माहीत असतं. आम्हा काही मोजक्या लोकांना ते क्रियापद म्हणून माहीत होतं. 'त्याने माझं निमगाव केलं' म्हणजे त्याने पत्रातून माझ्या गळ्यात गळा घातला आणि पोस्टकार्डातून तोच गळा कापला. हे क्रियापद सोलापूरपासून अमरावतीपर्यंत चालायचं. निमगावात मात्र कुणाला त्याची कल्पना नव्हती. ती कल्पना द्यायला मी स्वतः गेलो, आणि या प्रवासाचं फळ काय मिळालं ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

ज्यांनी आयुष्य सत्कारणी लावलं, आणि म्हणून ज्यांना हा खेळ माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळाचं नाव 'सप्तराज्य'. बारामतीहून ताटके सर नावाचे चित्रकलेचे एक शिक्षक दर महिन्याला 'खलिता' नावाचं सायक्लोस्टाइल पत्रक काढायचे. त्यात एक नकाशा, सात काल्पनिक राज्यं, आणि प्रत्येक राज्याचा एक खेळाडू. खेळाडू वेगवेगळ्या गावचे, एकमेकांचं तोंड न पाहिलेले. महिनाभर एकमेकांना पत्रं लिहून तह करायचे आणि मग आपल्या फौजांचे हुकूम एका पोस्टकार्डावर लिहून सरांकडे धाडायचे. सर सगळी कार्डं एकदम उघडत. एकट्या फौजेला काहीच जिंकता येत नाही, शेजाऱ्याचा पाठिंबा लागतो. आणि शेजाऱ्याने पत्रात पाठिंबा दिला म्हणजे कार्डातही दिला असेल असं नाही. ज्याचं कार्ड आलं नाही त्याच्या फौजा जागच्या जागी उभ्या राहतात. त्या वर्षांत दिल्लीत कोण कुणाला आतून पाठिंबा देतोय आणि कोण बाहेरून, याच्या बातम्यांनी लोक हैराण झाले होते. आम्हाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. आमची तालीम आधीच झालेली होती.

खलित्याच्या शेवटच्या पानावर 'मानक्रम' छापलेला असायचा. सगळ्या डावांतले गुण मिळवून कोण कितवा. पहिला कायम एकच: रघुनाथ आबा कोळेकर, मुक्काम पोस्ट निमगाव केतकी. दुसरा मी.

मी सोलापूरच्या गिरणीकामगाराचा मुलगा. अक्षरओळख झाली ती युनियनच्या पत्रकांवर, त्यामुळे पाचवीपर्यंत मला वाटायचं की प्रत्येक निबंधाची सुरुवात 'बंधूंनो आणि भगिनींनो, आता तरी जागे व्हा' अशीच करायची असते. माणसांना वरखाली लावणारी कुठलीही यादी मला मुळात मान्य नाही. मी 'मानक्रम: सरंजामशाहीचा नवा मुखवटा' हे पत्रक स्वखर्चाने छापलं होतं, ते याच भूमिकेतून. मी दुसरा होतो आणि आबा पहिले होते, हा निव्वळ योगायोग. त्याच्या आदल्या वर्षी नकाशावरच्या तांबड्या घाटीत आबांनी मला पाठिंब्याचं वचन देऊन शत्रूला पाठिंबा दिला आणि माझी अख्खी फौज मारली, हा दुसरा योगायोग.

मग खलित्यात सूचना आली. सर निवृत्त होत होते, आणि त्यांच्या यंत्राला स्टेन्सिल मिळेनासे झाले होते. पुढचा अंक शेवटचा. त्यात छापला जाईल तो मानक्रम कायमचा. त्याआधी खेळाडूंनी एकदा बारामतीला जमावं.

कायमचा, या शब्दाने माझी झोप उडवली. तत्त्वासाठीच.

बारामती

सोलापूरहून इंदापूर, इंदापुरात गाडी बदलून बारामती. वाटेत निमगाव लागलं तेव्हा मी निषेध म्हणून खिडकीबाहेर पाहिलं नाही. बारामती स्टँडवर उतरल्यावर लक्षात आलं की पत्रकांचा गठ्ठा गाडीतच राहिला. धावत गेलो. कंडक्टर शांतपणे म्हणाला, "हाय की हितंच. कोन न्हेतंय."

उघडून पाहिलं. वरचंसुद्धा कुणी उचललं नव्हतं. शेंगांची टरफलं टाकायलाही नाही. जनतेची उदासीनता म्हणतात ती हीच.

बारामतीत पाट्या वाचत चाललं की एक शब्द डोळ्यांपुढून हलत नाही: सहकारी. दूध सहकारी, खरेदी-विक्री सहकारी, पतपेढी सहकारी. एका न्हाव्याच्या दुकानावर तो शब्द नव्हता, म्हणून मी तिथे दाढी केली. वस्तरा फिरवता फिरवता त्याने सांगितलं की तालुक्यातल्या सगळ्या न्हाव्यांची सोसायटी काढायचं चाललं आहे, फक्त चेअरमन कोण यावर अडलं आहे. आमच्याकडे चार माणसं जमली की आधी भांडण होतं आणि मग युनियन निघते. इथे आधी संस्था निघते आणि मग भांडणाला रीतसर जागा मिळते. कुठली पद्धत पुढारलेली, हे मी त्या दिवशी तरी ठरवून टाकलं होतं.

ताटके सरांच्या घरी मेळावा. मेळावा म्हणजे सर, मी, बेळगावचे दोघे भाऊ आणि एक सतरंजी. बाकीच्यांनी न येण्याची पत्रं पाठवली होती, आणि ती पत्रं वेळेवर आली होती, जे त्यांच्या हुकमांबद्दल कधी म्हणता आलं नसतं. बेळगावच्या भावांची कथा खलित्यात दंतकथेसारखी सांगितली जायची: एकाच घरात राहून, मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना बसून, हे दोघे पोस्टाने तह करत. मला वाटायचं अतिशयोक्ती असेल. प्रत्यक्षात थोरला सरांना म्हणाला, "त्याला म्हणावं, कर्नाळ खिंडीचं माझं पत्र मिळालं का." धाकटा त्याच्या शेजारीच मांडी घालून बसला होता. तो सरांना म्हणाला, "मिळालं. उत्तर टपालात आहे."

आबा आले नव्हते. त्यांच्याकडून ओल्या फडक्यात बांधलेली कोवळी पानं आली होती.

सरांच्या पत्नीने चहा दिला. मी साखर कमी मागितली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमच्या चाळीत कडक भाकरी मऊ करून मागणाऱ्याकडे पाहतात. "या गावात साखर कमी म्हणू नये," सर म्हणाले, "भिंतींना कान असतात आणि ते सभासदांचे असतात."

मग मी पत्रक वाटलं. बेळगावकरांनी दोघांत मिळून एक घेतलं आणि अर्धं अर्धं फाडलं. सरांनी पूर्ण वाचलं, लाल पेन्सिलीने ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. मग तुमचं नाव यादीतून काढू का?"

मी म्हटलं, "प्रश्न माझ्या नावाचा नाही, व्यवस्थेचा आहे."

"म्हणजे काढू नको."

मी विषय बदलला. संध्याकाळी बेळगावकर वेगवेगळ्या गाड्यांनी गेले, आणि सरांनी मला एक कार्ड दाखवलं. निमगावहून आलेले गेल्या महिन्याचे हुकूम. अक्षर सुबक होतं, पण आबांचं नव्हतं. खाली लिहिलं होतं: 'आपला नम्र, चेअरमन.'

"अक्षर दरवर्षी बदलतं," सर म्हणाले. "मला वाटायचं म्हातारे आहेत, कुणाकडून लिहून घेत असतील. पण हे चेअरमन काय आहे?"

मला त्या क्षणी नियम आठवला. 'एक डोके, एक राज्य. एखाद्या राज्याच्या हुकमात दुसऱ्याने हात घातल्यास ते राज्य मानक्रमातून बाद. हात घालणारा स्वतः खेळाडू असल्यास तोही बाद.' शेवटचं वाक्य मीच सुचवलं होतं, बेळगावच्या भावांवर डोळा ठेवून. निमगावचं राज्य एका डोक्याचं नसेल तर आबा बाद. आबा बाद झाले की पहिला कोण, हे सांगायला गणिताचे शिक्षक लागत नव्हते.

"सर, उद्या निमगावला जाऊन शहानिशा केली पाहिजे," मी म्हटलं. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

"पहिल्या नंबराचा नाही?"

"पहिला नंबर हा तत्त्वाचा परिणाम आहे."

सरांनी कार्ड परत ठेवलं. ते माझ्यासारखे चिडले नव्हते. इतकी वर्षं त्यांनी ज्या यादीला शाई लावली ती शेवटच्या अंकात तरी खरी असावी, एवढंच त्यांना हवं होतं.

भवानीनगर

बारामती-इंदापूर रस्त्यावर भवानीनगरला उतरलो, कारण सरांच्या ओळखीचे पोपटराव तिथल्या कारखान्यात शेतकी खात्यात होते आणि मूळचे निमगावचे होते. साखर गोड असते म्हणून साखर कारखान्याचा वासही गोड असेल असं समजणाऱ्याने हंगामात इथे श्वास घेऊन पाहावा. मळी, राख आणि उकळता रस यांचा मिळून असा एक वास होतो की माणूस काही काळ फक्त तोंडाने श्वास घेतो आणि त्यामुळे भाषण करू शकत नाही. माझ्यासारख्यावर हा अन्याय आहे.

रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग. त्या रांगेच्या कडेने पोपटराव सायकल ढकलत आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"सर, तुमी कशापाय आला तरास घेऊन," ते म्हणाले. "आन हे पाव्हणं?"

"सोलापूरचे," सर म्हणाले. "सप्तराज्य खेळतात. आबांना भेटायचंय."

पोपटरावांचा चेहरा उजळला. "आगं बाबा. तांबड्या घाटीवालं सोलापूर का? मंग तुमी बरोबर दिवशी आलाय. आज बॉडीची मीटिंगच हाय."

"कसली बॉडी?" मी विचारलं.

"राज्याची. मी व्हाइस चेअरमन हाय न्हवं."

त्यांनी हे इतक्या सहजपणे सांगितलं की मला गुन्हा पकडल्याचा आनंदही नीट घेता आला नाही. सर माझ्याकडे न बघता रांगेतल्या एका बैलाकडे बघत राहिले.

निमगाव केतकी

सभा पानमळ्यात होती. शेवरीच्या आणि पांगाऱ्याच्या झाडांवर वेल चढलेले, खाली गार ओलावा आणि हिरवट उजेड. चपला बांधावर काढून आत जायचं. पानवेल फार मानी असते म्हणतात, पायताण घालून आलेल्याचं तिला चालत नाही. ही प्रथा ऐकून मी अंधश्रद्धेवर दोन शब्द बोलणार होतो, पण पायाखालची माती इतकी थंड होती की बोलायचं राहून गेलं.

आबा कोळेकर मध्यभागी खाटेवर बसले होते. उंच, वाळके, पांढरं मुंडासं. त्यांच्या वडिलांनी मेंढरं राखली होती, यांनी पानमळा केला. ज्या माणसाला मी वर्षभर मनातल्या मनात फासावर लटकवत होतो तो माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या, सोलापूरकर. लई दिस झालं तुमची पत्रं वाचतुय. दमत न्हाय तुमचा हात?"

भोवती दहा-बारा माणसं. पोपटराव, एक कंपाउंडर, दूध डेअरीवरचे दोघं, बाकी शेतकरी. आणि पानं खुडून करंडीत रचत बसलेल्या एक बाई, आबांच्या सूनबाई, शालनवहिनी.

मी उभा राहून आरोप मांडला. नियम वाचून दाखवला. विश्वासघात हा शब्द मी दोनदा वापरला आणि सरंजामशाही तीनदा. सगळ्यांनी अगदी मन लावून ऐकलं. तो भाग नेहमीच सोपा असतो.

"म्हंजी गुन्हा काय झाला?" आबांनी विचारलं.

"राज्य एका डोक्याने चालवायचं, असा नियम आहे."

"आवं, एका डोक्यानं कुठं राज्य चालतंय व्हय? हितं डेरी एका डोक्यानं चालत न्हाय." आबा मनापासून चकित झाले होते. "पयली दोन वर्सं खेळलो मी एकला. मंग म्हनलं ही गावकीची गोष्ट, एकट्यानं भोगू ने. बॉडी नेमली. मुदत ठरवली. विलेक्शन घेतो. सही एकच जाती, चेअरमनची. सरांच्या नियमात लिवलंय न्हवं, सही एकच पायजे."

सरांनी मान डोलावली. तसंही लिहिलेलं होतं.

"आणि तांबडी घाटी?" मी विचारलं. माझा आवाज थोडा चढला असावा. "तुम्ही लेखी वचन दिलं होतं. सहा पानी पत्र लिहिलं होतं मी, त्याचं उत्तर आहे माझ्याकडे: पाठिंबा पक्का."

मग शालनवहिनी हातातली पानं जुळवत म्हणाल्या, "त्यो ठराव मागच्या बॉडीचा."

"म्हणजे?"

"मामांच्या बॉडीनं," त्यांनी सासऱ्यांकडे मान केली, "तुमाला पाठिंबा दिला. मंग मुदत संपली. विलेक्शन झालं, आमचं प्यानल आलं. नव्या बॉडीनं ठराव फिरवला आन दुसऱ्याला पाठिंबा दिला. भाईरनं."

"पण मला कळवायला हवं होतं."

"इतिवृत्त कायम झाल्याबिगर भाईर कळवत न्हाईत," कंपाउंडर म्हणाला.

मी वर्षभर ज्याला कपट समजत होतो, ज्यावर पत्रक छापलं, ज्यासाठी एक क्रियापद तयार केलं, तो प्रकार पॅनल बदलण्याचा होता. मी तेही बोलून गेलो, क्रियापदाचं. शालनवहिनींनी करंडी खाली ठेवली.

"म्हंजी आमच्या गावाचं नाव घिऊन लोक बोलत्यात?"

"अमरावतीपर्यंत," सर म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, पण थोडंच.

"आमच्यात बी हाय तसं," पोपटराव म्हणाले. "कोन लई लांबन लावाय लागलं की आमी म्हंतो, बास, लई सोलापूर हूं नगंस."

सगळे हसले. सरही. मी हसण्याचा अर्थ लक्षात घेऊन हसलो.

"बरं," शालनवहिनी म्हणाल्या, "ह्यो शेवटचा अंक. आमाला काडलं, तर पयलं कोन?"

वर कुठेतरी होला घुमत होता. सरांनी माझ्याकडे बोट केलं.

"हां," शालनवहिनी म्हणाल्या. "आदी जेवून घ्या."

जेवायला हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी होती. आमच्याकडे पाहुण्याला तिखट विचारून वाढतात, इथे वाढून विचारतात. शेंगोळी तिखट, दाट आणि इतकी चविष्ट होती की मी तिसऱ्यांदा वाढून घेताना सरंजामशाहीविषयी काही काळ विसरलो. त्या वेळात शालनवहिनी बांधावर बसून माझं पत्रक वाचत होत्या. आपलं लिखाण कुणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतं आहे, हे दृश्य मी प्रथमच पाहत होतो. आबा मात्र जेवले नाहीत. भाकरीचा तुकडा ताटात फिरवत राहिले.

"गाव लई लहान हाय, सोलापूरकर," ते हळूच मला म्हणाले. "कोन कशात पयलं आलं न्हाय कदी. ह्येच येक."

सांगता आलं असतं की आमच्या चाळीतही कुणी कशात पहिलं आलं नाही, गिरणी बंद पडण्यातसुद्धा आम्ही दुसरेच होतो. पण मी नियमाचा माणूस होतो. मी भाकरी मोडली.

जेवणानंतर सभा सुरू झाली. इतक्या शिस्तीची सभा मी आमच्या युनियनमध्ये कधी पाहिली नाही. विषय पहिला: पाहुण्यांचं स्वागत. टोपी, टॉवेल, नारळ. विषय दुसरा: नियम मान्य करून राज्याने बाद होणं. पोपटरावांनी मांडलं, कंपाउंडरने अनुमोदन दिलं, बिनविरोध. मला गहिवरून आलं. पराभव इतका रीतसर स्वीकारणारी माणसं मी पाहिली नव्हती.

विषय तिसरा शालनवहिनींनी मांडला. "पाव्हणं येवढ्या लांबनं आलं. राज्य चाललं, पर माणूस जोडलं पायजे. सोलापूरकरांना स्वीकृत संचालक म्हनून घ्यावं."

टाळ्या झाल्या. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं पद. मी हात जोडले. मरायला टेकलेल्या राज्याचं पद घेण्यात काय बिघडतं, असं मी स्वतःला म्हटलं, आणि तेवढ्यात स्वतःचं पटलंही.

"आता येकच," शालनवहिनी म्हणाल्या. "बाद व्हायच्या आदी शेवटचा हुकूम तरी लिवून दिऊ सरांकडं. ठराव वाचती." आणि माझं पत्रक समोर धरून त्या शुद्ध भाषेत वाचू लागल्या. "व्यक्तीपेक्षा समूह मोठा. सत्ता ही मूठभरांची मिरास नाही. व्यक्तिपूजेचा तीव्र निषेध करून हे मंडळ आपली सारी फौज तांबड्या घाटीतून मागे घेत आहे. मंजूर असणाऱ्यांनी हात वर करावेत."

माझा बाप मला खांद्यावर घेऊन गिरणीच्या फाटकावरच्या सभांना न्यायचा. 'मंजूर असणाऱ्यांनी हात वर' हे शब्द ऐकले की आमच्या घरात झोपलेल्याचाही हात वर जातो. त्यात वाक्यं माझीच. माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

"सर," शालनवहिनी म्हणाल्या, "नीट बगून घ्या. हुकमाच्या ठरावाला सोलापूरचा बी हात हाय."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. माझा हात अजून वरच होता. खाली घ्यायचं मला सुचलं नाही.

"दुसऱ्याच्या हुकमात हात घालणारा खेळाडू," सर सावकाश म्हणाले, "तोही बाद. तुमचंच वाक्य आहे."

"हे तुम्ही मुद्दाम केलंत," मी शालनवहिनींना म्हटलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. त्यांनी करंडी पुन्हा पुढे ओढली. "आमच्याकडं ऊस रानात वाळला तर चालतंय. शेजारच्या कारखान्याला जाऊ देत न्हाईत."

आबांनी इतक्या वेळाने पान लावून तोंडात टाकलं. मग मलाही एक दिलं. एवढं कोवळं पान मी खाल्लं नव्हतं. माझं निमगावात निमगाव झालं होतं, बिनविरोध, आणि मीही त्याला मत दिलं होतं.

इंदापूर स्टँड

आबा मला इंदापूरपर्यंत पोचवायला आले. सोलापूरची गाडी लागायला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर आम्ही दोन बाद राज्यं शेजारी शेजारी बसून भेळ खाल्ली. मी विचारलं, राग नाही का आला, पहिला नंबर गेल्याचा. ते म्हणाले, "राग आला की. पर सून लई बेस खेळली." त्यांच्या बोलण्यात जो अभिमान होता तो खलित्याच्या कुठल्याही अंकात पहिलं नाव छापून आला नसता.

गाडी आली तेव्हा मी म्हटलं की स्वीकृत संचालकपदाचा राजीनामा मी पत्राने पाठवीन. तत्त्वतः मला पदं मान्य नाहीत.

"बॉडीची मुदत अजून हाय," आबा म्हणाले. "राजीनामा सभेपुढं द्यावा लागतुय. पोष्टानं घेत न्हाय आमी."

शेवटचा खलिता यथावकाश आला. मानक्रमात पहिलं नाव अमरावतीच्या एका गृहस्थांचं आहे. त्यांची कार्डं नेहमी उशिरा पोचत, त्यामुळे त्यांच्या फौजा वर्षानुवर्षं जागच्या हलल्या नाहीत, आणि ज्याचा कुणालाच त्रास नाही त्याच्यावर चाल करून जायची कुणाला आठवणही झाली नाही. देशात सध्या कोण वर जातं याचा अभ्यास करणाऱ्यांनी या गृहस्थांचा अभ्यास करावा. यादीखाली सरांनी छोट्या अक्षरांत लिहिलं होतं: 'निमगाव आणि सोलापूर नियमानुसार बाद. यादी खरी आहे.'

पुढच्या महिन्यात मी राजीनामा लिहून निमगावला गेलो. तीन पानी होता, ठोस होता, त्यात सत्तेच्या स्वरूपाविषयी एक परिच्छेद होता. चपला बांधावर काढल्या आणि आत गेलो. विषयपत्रिकेवर एकच विषय होता: राज्य बाद झाल्यावर बॉडीने काय करावं. पण हंगाम ऐन भरात होता, पोपटराव कारखान्यावर अडकले होते, डेअरीवाले आले नव्हते. शालनवहिनींनी माणसं मोजली.

"येक कमी पडतंय," त्या म्हणाल्या. "कोरम न्हाय."

"मी आहे की," मी म्हटलं.

"तुमी राजीनामा घिऊन आलाय. राजीनामावाला धरता येत न्हाय."

आबा माझ्याकडे बघत होते. कंपाउंडरने वही उघडून तशीच मांडीवर ठेवली होती. मी राजीनाम्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि सतरंजीवर बसलो. कोरम पुरा झाला.